दुसरा भाग

शनिवारी रात्री त्रेलेऊच्या सिनेमाघरात
आम्ही तिघं: मी, माझा भाचा एलियान,
आणि डॉन इलारियो कायुपान,
ज्यांना हरवलेली मेंढी शोधताना
नऊ वर्षांपूर्वी ते मांडीचं हाड सापडलं.
मेंढी नाही सापडली.
अजूनही ते गोष्ट मेंढीचीच सांगतात.

पहिला भाग त्यांनी पाहिला नव्हता.
एलियानने रांगेतच उरकला:
एक दरी, एक श्रीमंत माणूस, एक चूक.
"आणि आता?"
"तीच चूक. जास्त पैसे घालून."

खरं सांगते, सुरुवात चांगली आहे.
पाऊल पडतं तेव्हा आधी नुसता चिखल दबतो,
वजन मागाहून येतं, टाचेकडून बोटांकडे,
आणि खळग्यात पाणी भरायला
लागतो तेवढाच वेळ लागतो.
कुणीतरी हत्तींच्या मागे दिवसेंदिवस चाललेलं असणार.
त्या एका पावलासाठी
तिकिटाचे पैसे मी माफ केले.

मग गवत दिसलं.
सगळीकडे, कापून ठेवल्यासारखं गवत,
जेव्हा गवताचा अजून
जेमतेम पत्ता होता जगात.
मी खुर्चीत चुळबुळले.
एलियान म्हणाला, "मावशी, गप्प."
मी काहीच बोलले नव्हते.

शास्त्रज्ञ बाई बाराव्या मिनिटाला मेली.
नखं स्वच्छ होती तिची.

नंतर नुसत्या डरकाळ्या.
पहिल्या भागात प्राणी एकच होता
आणि त्याची वाट बघावी लागायची.
इथे सतरा. मी मोजले.
प्रत्येक जण झडप घालण्याआधी थांबतो,
जबडा उघडतो, दाढा दाखवतो,
जसा काही दंतवैद्याकडे आलाय.
डॉन इलारियो अंधारात माझ्याकडे झुकले:
"पुमा ओरडत येत नाही, बाई.
सकाळी मोजताना एक मेंढी कमी भरते.
तेवढंच."
आणि तिसऱ्या मारामारीत,
जिथे हेलिकॉप्टर कोसळतं, पूल कोसळतो
आणि कथानकही त्याच खड्ड्यात जातं,
ते झोपले. टोपी मांडीवर ठेवून, व्यवस्थित.

त्यांना जाग आली ती शांततेने.
संगीत थांबलेलं.
पडद्यावर एक मादी, फुटलेल्या अंड्यापाशी.
नाक खाली. श्वास आत, श्वास बाहेर,
आणि कवचाचा एक तुकडा
त्या श्वासाने हलतो. थांबतो. हलतो.
कुणी धावत नाही. कुणी मरत नाही.
शेजारच्या रांगेत पॉपकॉर्नचा हात
पिशवीतच राहिलेला.
डॉन इलारियोंचा पंजा खुर्चीच्या दांड्यावर होता,
मेंढी विताना तिच्या पोटावर ठेवतात तसा,
दाब न देता.

चाळीसेक सेकंद असतील.
ती कुणी लिहिली? आणि उरलेला सिनेमा
त्याच माणसाकडे का नाही दिला?
कदाचित त्याने मागितलाच नसेल.

शेवट म्हणजे तिसऱ्या भागाची जाहिरात.
एक अंडं. अर्थातच.

बाहेर पातागोनियाचा वारा,
गाडीचं दार दोघांनी धरावं लागतं असा.
एलियानचे दहापैकी नऊ.
डॉन इलारियोंनी विचारलं, "तिकीट कितीचं?"
मी सांगितलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत ग्वेन्डा म्हणाली, "कसा होता?"
"खोटा," म्हटलं, आणि सुई उचलली.
हाडाभोवती अजून वीतभर दगड आहे,
दिवसाला नखाएवढा निघतो.
रंगाचं आम्हाला काही म्हणजे काही ठाऊक नाही,
हे मी दर गुरुवारी शाळेच्या पोरांना सांगते,
जरा तोऱ्यातच.
नऊ वर्षं हे हाड
रंगाशिवाय सांभाळलं मी.

पण त्या मादीची मान तपकिरी होती,
ओल्या लोकरीसारखी,
कडेला किंचित जांभळट.
मी फुंकर घालते, धूळ उडते.
पुन्हा फुंकर घालते.
तपकिरी जात नाही.